खड्डे चुकवू नको, वारलू!

ग्लास काठोकाठ भरला होता आणि सगळं वर्कशॉप श्वास रोखून त्याच्याकडे बघत होतं.

ग्लास ट्रेलरच्या फळीवर ठेवलेला. ट्रेलर जीपच्या मागे जोडलेला. जीप चालवतोय आमचा ड्रायव्हर वारलू, आणि जीपच्या पुढे मी, या वर्कशॉपचा फोरमन रामटेके, दोन्ही हात उंचावून, उलट्या पावलांनी, लग्नाच्या बँडमधल्या मास्तरासारखा चाललो आहे. वाटेत आम्ही मुद्दाम एक लाकडी पट्टी आडवी टाकली होती. ट्रेलरची चाकं पट्टीवर चढली, उतरली. ग्लासातून दोन थेंब सांडले. ते मी मोजले नाहीत.

टाळ्या पडल्या. मी कमरेत वाकून त्या स्वीकारल्या.

"वा, रामटेके! याला म्हणतात राइड!" सबनीस साहेब म्हणाले. ते आमचे उपअभियंता. पुण्याहून नुकतेच चंद्रपूरला बदलून आले होते आणि दिवसातून चार वेळा कशाला तरी 'याला म्हणतात' म्हणायची त्यांना हौस होती.

त्या गर्दीत एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. धोतर, कोपरापर्यंत दुमडलेला सदरा, काखेत काळी छत्री. निरापद मंडल. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता, ते गिऱ्हाईक.

"फोरमन बाबू, एक बात बोलायची होती."

"बोलू हो दादा, निवांत बोलू. आधी चहा घ्या."

चहा मी त्यांना दोनदा पाजला. बोलू मात्र दिलं नाही.

आता मुळापासून सांगतो. मुलचेऱ्याच्या बाजूला बंगाली निर्वासितांची बरीच गावं आहेत. निरापददा त्यांतल्या एका गावचे, तिथल्या मच्छीमार संस्थेचे अध्यक्ष. संस्थेला पहिल्यांदाच एक मोठा तलाव पट्ट्यानं मिळाला होता. अट एकच होती. पोळ्याच्या आत तलावात ठरल्याएवढं मत्स्यबीज सोडायचं. नाही सोडलं तर पट्टा रद्द आणि तलाव पुन्हा जुन्या ठेकेदाराकडे. हा ठेकेदार असा, की गावातलं कुणी काठावर गळ टाकून बसलं तरी गळ मोडून हातात द्यायचा. गावानं त्या तलावाचा मासा फक्त ठेकेदाराच्या टोपलीत बघितला होता.

मत्स्यबीज म्हणजे माशांची पिल्लं. बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात. ती चंद्रपूरजवळच्या एका केंद्रात मिळायची आणि गाव तिथून शंभरेक किलोमीटर. वाहतुकीसाठी योजनेतून संस्थेला एक ट्रेलर मिळाला होता: दोन चाकांचा, जीपमागे ओढायचा, वर पत्र्याची टाकी. ओढायला जीप आणि ड्रायव्हर आमच्या खात्याचे, देखभाल आमच्या वर्कशॉपकडे.

ट्रेलर आला तेव्हा त्याच्या एका चाकाला जीपचा घासून गुळगुळीत झालेला टायर होता आणि दुसऱ्या चाकाला भलताच कुठला तरी. उभा केला तरी तो एका बाजूला कलून, कमरेवर हात ठेवून भांडायला उभ्या राहिलेल्या बाईसारखा दिसायचा. पहिल्या खेपेला आष्टीच्या अलीकडे टायर फुटला. ट्रेलर धानाच्या बांधीत गेला आणि बोटुकली चिखलात.

"टायर फुटेपर्यंत एक पण मेला नव्हता बाबू," निरापददा मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. "रस्ता इतका खराब, ट्रेलर इतका उडत होता, पण एक पण—"

"उडत होता ना? तोच तर प्रॉब्लेम!" मी त्यांचं वाक्य तिथंच कापलं. "नाजूक जीव तो. इवलीशी पिल्लं. हादरे बसले तर काय होईल त्यांचं? तुम्ही बघाच दादा, मी त्यांना पाळण्यातून पाठवतो."

मी तेव्हा पस्तिशीत होतो. पस्तिशीतल्या मेकॅनिकला समोरच्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत दम नसतो.

टायर घ्यायला मी गफ्फारभाईंच्या दुकानात गेलो. दुकान म्हणजे टायरांची गुहा. आत शिरलं की आपल्या सदऱ्याला दोन दिवस रबराचा वास येणार. गफ्फारभाई एका टायरच्या ढिगावर मांडी घालून बसायचे आणि तिथूनच बोटानं माल दाखवायचे.

"ये देखो रामटेकेसाब, आपके लिए खास ठेवला." बोट कोपऱ्याकडे गेलं. "हवाई जहाजाचा टायर! लिलावातला. अख्खं विमान पेलते भाऊ हा, तुमची ट्रॉली काय चीज हाय!"

मला हसू आवरेना. विमानाचे टायर त्या काळी बैलगाडीला लावायचे, आणि बैलाच्या चालीनं ते चालायचेही बरे. पण विमानाचा टायर जमिनीवर पळतो किती? उतरताना अर्धं मिनिट, चढताना अर्धं मिनिट, बाकीचा वेळ तो पोटात पाय घेऊन ढगात झोपलेला असतो. त्याला जीपमागे शंभर किलोमीटर पळवलं तर तापून तापून कुठं तरी राम म्हणेल. शिवाय त्याला लागणारी रिमच आमच्याकडे नव्हती.

"मग हा घ्या. ट्रॅक्टरचा." यावर वीतभर उंचीच्या तिरक्या गुट्ट्या. दिसायला दणकट. पण या गुट्ट्या असतात चिखलात पकड घेऊन ओढण्यासाठी. ट्रेलरची चाकं काही ओढत नाहीत. ती बिचारी पुढच्याच्या मागं फरफटत जातात. त्यांना गुट्ट्या देणं म्हणजे पालखीत बसलेल्याला पळायचे बूट देणं.

आणखी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे पुढचं कळेल. टायरच्या आत कापडाचे थर असतात. त्यांना प्लाय म्हणतात. थर जास्त, तर टायर ताठ आणि वजन पेलणारा. थर कमी, तर टायर मऊ, गादीसारखा. हवा जास्त भरली की तो अजून ताठ, कमी भरली की अजून मऊ. सगळी टायरविद्या एवढीच. बाकीचं सेल्समन बोलतात.

मी मऊ निवडला. मोटारकारचा, चार प्लायचा, रिमसकट. हवा जरा कमीच ठेवली. कमानीचे दोन पाटे काढून टाकले, म्हणजे स्प्रिंगही नरम. टाकीच्या झाकणाला चौफेर रबराची पट्टी लावून ते घट्ट केलं, म्हणजे पाणी सांडायला नको. वर कुलूप.

गफ्फारभाई निघताना म्हणाले, "दुल्हन बिठा के ले जाणार काय जी?"

"त्याहून नाजूक," मी म्हणालो.

तर असा तो ग्लासाचा प्रयोग झाला आणि तिसऱ्या दिवशी आम्ही निघालो. टाकीत पाणी, पाण्यात बोटुकली. पुढे वारलू, त्याच्या शेजारी निरापददा, मागं मी. साहेबांनी हिरवी झेंडी दाखवली नाही एवढंच.

निरापददा ट्रेलरवर बसायला निघाले होते. मी त्यांना दंडाला धरून खाली उतरवलं.

"ट्रेलरवर माणूस बसवायला मनाई आहे दादा. नियम आहे."

"पण बाबू, पाण्यात हात—"

"पाण्याला हात लावायचाच नाही. म्हणून तर कुलूप." किल्ली मी खिशात टाकली आणि खिशावर थापही मारली.

काय तो प्रवास! वारलूनं त्या दिवशी आपली सगळी कला पणाला लावली. एकेक खड्डा असा चुकवला की खड्ड्यालाही वाईट वाटावं. गोंडपिपरीला चहासाठी थांबलो. वारलू म्हणाला, "फोरमनसाहेब, मांग ट्रेलर हाय का नाई ते आरशात पाहून राह्यलो मी. काईच आवाज नाई ना जी!" मी खूश होऊन त्याला भजीही सांगितली. निरापददा भजी खात नव्हते. टाकीला कान लावून उभे होते.

"काय ऐकता दादा?"

"काही ऐकू येत नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. मी समजलो, त्यांना जीप लागली.

दुपारी तलावावर पोचलो. गाव जमलेलं. बायकांनी शंख आणला होता. मी जीपच्या बोनेटवर उभा राहून दोन शब्द बोललो, काय बोललो ते आता आठवत नाही, ते बरंच आहे. मग खाली उतरलो, कुलूप काढलं, झाकण उघडलं.

पाणी कसं शांत होतं. आरशासारखं. आणि त्या आरशावर शेकडो पांढरी पोटं.

शंख कुणी वाजवला नाही. मागं कुठं तरी एक बाई हळूच "सर्वनाश" म्हणाली, तेवढंच.

मी काय केलं? मेकॅनिक जे करतो तेच. दुसऱ्याचा दोष शोधायला लागलो. टाकीचा रंग हुंगला. झाकणाचं रबर चावून पाहिलं. वारलूला विचारलं, "टाकीत डिझेल गेलं काय बे?"

"मी काऊन टाकीन जी डिझेल मच्छ्यायले?" तो चिडला. "जीपले भेटत नाई पुरतं!"

तेवढ्यात पाण्याचा आवाज आला. मी वळून पाहिलं. निरापददा छत्री फेकून, धोतर खोचून ट्रेलरवर चढले होते. उजवा हात कोपरापर्यंत टाकीत घालून ते पाण्यावर थापा मारत होते. थप, थप, थप. एका ठेक्यात. पाण्याचे तुषार त्यांच्या तोंडावर उडत होते. मला वाटलं, दुःखानं माणसाचं डोकं फिरलं.

पाचेक मिनिटं गेली असतील. टाकीच्या कोपऱ्यात काही पिल्लं पृष्ठभागाशी तोंड काढून आऽ आऽ करत होती. ती हळूच खाली गेली. एकानं शेपटी मारली. मग दुसऱ्यानं.

"आता बोलू, बाबू?" थापा मारता मारताच निरापददांनी विचारलं.

"बोला दादा," मी म्हणालो.

मग त्यांनी सांगितलं. तरुणपणी ते कलकत्त्याकडून हंड्यांतून बीज आणायचे, रेल्वेनं. अॅल्युमिनियमच्या हंड्या, प्रत्येकीत पाणी आणि हजारो पिल्लं. प्रत्येक हंडीशी एक माणूस. त्याचं काम एकच, हंडी हलवत राहायची, पाण्यावर हात मारत राहायचं. नागपूर येईपर्यंत. ज्याला डुलकी लागली त्याचा माल गेला.

"मासा पाण्यातली हवा खातो बाबू. एवढे मासे, एवढंसं पाणी. हवा संपून जाते. पाणी उडलं, आपटलं, की नवीन हवा आत जाते. ट्रेलर उडत होता तेव्हा मला हात लावायचं काम नव्हतं. रस्ताच हात मारत होता."

मी झाकणाकडे बघितलं. खिडक्या बंद करून, माणसं कोंबून, बस उन्हात उभी करावी, तसं मी केलं होतं. वर कुलूप लावून किल्लीवर थाप मारली होती.

"मग आधी का नाही सांगितलं?" हा प्रश्न माझ्या तोंडातून निघाला आणि निघता निघताच मला त्याचं उत्तर कळलं. निरापददा सज्जन माणूस. ते एवढंच म्हणाले, "तुम्ही इंजिनियर लोक. मला वाटलं, काही तरी नवीन मशीन आत बसवली असेल."

पोळ्याला नऊ दिवस उरले होते. केंद्रात विचारलं. बोटुकलीचा शेवटचा लॉट होता, आठवड्यानं मिळणार होता. तो गेला की पुढच्या पावसाळ्यातच. म्हणजे एकच खेप. ती साधली तर तलाव गावाचा, नाही तर ठेकेदाराचा.

मोठ्या ठिकाणी तोवर प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून बीज पाठवायची पद्धत आली होती. पण आम्ही ऑक्सिजनचं सिलिंडर मागितलं असतं तर मंजुरी पोळ्याऐवजी होळीला आली असती. पाच तास थापा मारायच्या तर निरापददांचा हात निघून आला असता आणि ट्रेलरवर माणूस बसवायला खरोखरच मनाई होती. तेव्हा उत्तर पुन्हा टायरांतच शोधायचं होतं. फक्त उलट्या बाजूनं.

मी गफ्फारभाईंकडे गेलो.

"सगळ्यात कडक टायर द्या. असा, की बसणाऱ्याची हाडं मोजून होतील."

गफ्फारभाई ढिगावरून खाली उतरले. आयुष्यात पहिल्यांदा. "दुल्हन भाग गयी क्या?"

विमानाचा टायर त्यांनी पुन्हा पुढं केलाच. मी तो पुन्हा नाकारला. घेतला तो ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा, रिमसकट: आठ प्लाय, ताठ, उभ्या रेघांचा. उभ्या रेघा म्हणजे चाक सरळ रेषेत राहतं, चिखलात बाजूला घसरत नाही. शिवाय न फुटणारा. ट्रॅक्टरचं पुढचं चाकही ओढत नाही, नुसतं पुढं पुढं करतं. स्वभावानं ते ट्रेलरचं भाऊबंदच. हवा टम्म भरली. काढलेले पाटे परत घातले, वर एकेक जास्तीचा. झाकण काढून त्या जागी जाळी बसवली.

मग आवारात पुन्हा प्रयोग. या वेळी मी टाकीत पाणी भरलं आणि वर दोन मुठी मुरमुरे टाकले. मुरमुरे एका जागी गोळा होऊन बसले तर पाणी मेलेलं. सगळीकडे नाचले तर जिवंत. वारलूनं जीप हलवली. ट्रेलर पट्टीवरून धाडकन उडाला. मुरमुरे टाकीभर नाचले, काही माझ्या केसांत येऊन बसले. निरापददांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी एकट्या त्यांनीच वाजवल्या.

सबनीस साहेब केबिनमधून धावत आले. "रामटेके! हे काय? ही राइड आहे?"

मी सगळं समजावून सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे मी फाइलवर लिहू काय? चांगले टायर काढून वाईट टायर लावण्यात आले?"

"वाईट नाही साहेब. कडक."

"कारण काय लिहू? ट्रेलर पुरेसा आदळत नव्हता?"

"साहेब, असं लिहा: टाकीतील पाण्यात हवेचे आवश्यक मिश्रण होण्याच्या दृष्टीने अधिक प्लायचे टायर बसविण्यात येत आहेत."

साहेबांनी ते वाक्य फाइलवर उतरवलं. "याला म्हणतात भाषा," ते म्हणाले आणि सही केली. मग म्हणाले, "पण मी बरोबर येणार. मला हे डोळ्यांनी बघायचंय."

पोळ्याच्या दोन दिवस आधी, सकाळी सहाला, आम्ही बोटुकली भरून निघालो. साहेब राखाडी सफारी सूट घालून पुढं. मी आणि निरापददा मागं.

खरी अडचण निघाली वारलूची. वीस वर्षं खड्डे चुकवणाऱ्या माणसाचे हात आपोआप वळतात.

"खड्डे चुकवू नको, वारलू!"

"काऊन जी?" तो कळवळला. "आतापर्यंत खड्ड्यात घातली म्हणून शिव्या देत होते ना तुमी!"

"आता नाही घातलीस तर देईन. तो बघ, तो डावीकडचा. घाल त्यात."

"अरे देवा," म्हणून त्यानं डोळे मिटून जीप खड्ड्यात घातली. मागं ट्रेलर हातभर उडाला. निरापददा मागं तोंड करून बसले होते. "भालो!" ते ओरडले. प्रत्येक खड्ड्याला त्यांची अशी दाद. मोठ्या खड्ड्याला "खूब भालो!" साहेबांचं डोकं दोनदा जीपच्या टपाला लागलं. दुसऱ्यांदा लागलं तेव्हा तेही "भालो" म्हणाले, पण त्यात आनंद कमी होता.

गोंडपिपरीच्या पुढं संकट आलं. गुळगुळीत डांबरी रस्ता. कुठल्या तरी मोठ्या माणसाच्या दौऱ्यासाठी नुकताच केलेला, काळाभोर, लांबच लांब. अख्ख्या जिल्ह्यात एवढाच चांगला रस्ता आणि तो नेमका आमच्या वाटेत. ट्रेलर एकदम गप्प झाला. निरापददांची दाद थांबली.

"पाणी बसलं, बाबू. पाणी बसलं!"

"वारलू, चाकं खाली उतरव. मुरमावर घे."

वारलूनं डावी चाकं डांबराखाली, कडेच्या गिट्टीवर उतरवली. जीप तिरकी, ट्रेलर तिरका, टाकीत पाणी पुन्हा खळखळायला लागलं. असे आम्ही मैलभर गेलो असू, तर समोरून सायकलवर एक हवालदार. त्यानं सायकल आडवी घातली.

"एवढा मोठा रोड सोडून खाली काऊन चालवून राह्यला बे? पेला काय सकाळी सकाळी?"

"साहेबाचा हुकूम हाय जी," वारलूनं बोट दाखवलं.

हवालदारानं सफारी सूटकडे पाहिलं. सबनीस साहेबांनी घसा खाकरला.

"होय. मीच सांगितलं. त्याचं असं आहे, की रस्ता फार चांगला आहे."

हवालदार वाकून साहेबांचं तोंड हुंगायला लागला. शेवटी निरापददांनी त्याला ट्रेलरशी नेऊन जाळीतून पिल्लं दाखवली, तेव्हा सुटका झाली. निघताना तो म्हणाला, "पुढं नाल्याले पूर हाय. रपटा बुडला. गाड्या थांबल्या सगळ्या."

रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. जोराचा पाऊस झाला की तो पाण्याखाली जातो आणि पाणी उतरेपर्यंत दोन्ही बाजूंची वाहतूक मुकाट उभी राहते. आम्ही पोचलो तर गढूळ पाणी पुलावरून धावत होतं. अलीकडे एसटीची बस, दोन बैलगाड्या, एक ट्रक. निदान दोन तास, ट्रकवाला म्हणाला.

जीप थांबली. ट्रेलर थांबला. पाणी थांबलं.

निरापददा लगेच जाळी वर करून हात मारायला लागले. पण एक हात, एवढी मोठी टाकी. दहा मिनिटांत दुसऱ्या टोकाची पिल्लं वर येऊन तोंडं काढायला लागली. आऽ, आऽ. मी पलीकडून हात घातला. तरी पुरेना. निरापददांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत ठेकेदार दिसत होता.

तेव्हा मला टायर आठवले. आठ प्लायचे, टम्म फुगलेले. ते नुसते कडक नव्हते, चेंडू होते. दोन चाकांचा ट्रेलर जीपपासून सोडवला की तो असतो काय? मुलांचा सी-सॉ. एक टोक दाबलं की दुसरं वर.

"वारलू, हूक काढ! साहेब, उतरा!"

ट्रेलर सोडवला. पुढचा दांडा मी आणि वारलूनं धरला, मागची फळी साहेबांनी आणि ट्रकच्या क्लीनरनं. आम्ही दाबलं, सोडलं. त्यांनी दाबलं, सोडलं. टायर दर वेळी ट्रेलरला असा उसळवून द्यायचे की अर्धं काम तेच करायचे. टाकीत पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर. खळ्ळ, खळ्ळ. पिल्लं खाली गेली.

पण माणसं थकतात. पंधरा मिनिटांत साहेबांचा सफारी सूट पाठीला चिकटला. बसमधली मंडळी भोवती जमून बघत होती. कुणाला वाटलं ट्रेलर बिघडला, कुणाला वाटलं पूर उतरावा म्हणून काही पूजा चालली आहे. एका म्हाताऱ्या बाईनं पुढं येऊन विचारलं, "काय हाय जी त्या डब्ब्यात?"

"लेकरं हायेत, मावशी," वारलू धापा टाकत म्हणाला. "मच्छीचे. हलवलं नाई तं मरतेत."

बाईनं जाळीतून आत डोकावलं. मग पिशवी खाली ठेवली, पदर खोचला आणि बसकडे तोंड करून कडाडली, "मंग तुमी काय तमाशा पाहून राह्यले? हात नाई काय तुमाले? या इकडं!"

कंडक्टरसुद्धा आला. आठ-आठ जणांच्या पाळ्या लागल्या. बाई स्वतः दांड्याला लागली आणि दमली तेव्हा बाजूला उभी राहून हुकूम सोडायला लागली. सबनीस साहेबांनी घड्याळ काढलं. मिनिटाला किती झोके ते मोजून, पाळी संपली की "बदली!" असं ओरडायचं काम त्यांनी आपण होऊन घेतलं. बदलीचा हुकूम काढताना त्यांना एवढा आनंद झालेला मी त्याआधी आणि त्यानंतरही कधी पाहिला नाही.

दोन तास म्हणता म्हणता सव्वादोन झाले. पाणी उतरलं, रपटा दिसायला लागला. आम्ही ट्रेलर जोडला आणि निघालो. उभ्या रेघांचे ते टायर रपट्याच्या शेवाळावरून सरळ गेले, इंचभर इकडे तिकडे झाले नाहीत.

तलावावर पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. या वेळी गावात कुणी स्वागत वगैरे ठेवलं नव्हतं. पंचनाम्याला आलेला एक कारकून तेवढा बाभळीखाली बसला होता, आणि त्याच्यापासून दहा पावलांवर, सहज आल्यासारखा, ठेकेदार उभा होता. मी भाषण केलं नाही. निरापददांनी जाळी काढली, बादली बुडवली, वर उचलली आणि कारकुनापुढं धरली. बादलीत पाणी कमी आणि मासे जास्त असावेत अशी वळवळ. एक बोटुकली उडी मारून कारकुनाच्या कागदावर पडली.

"जिवंत," कारकुनानं लिहिलं.

मेलेली ओंजळभर निघाली. बाकी सगळी तलावात गेली. ठेकेदार शेवटची बादली रिकामी होईपर्यंत थांबला आणि मग निघून गेला. निरापददा काठावरच्या चिखलात तसेच बसले. उजवा हात मांडीवर ठेवलेला, आणि तो हात अजूनही हळूहळू थापा मारत होता. त्यांच्या ते लक्षातही नसावं. मग कुठून तरी शंख आणला गेला आणि वाजला.

पट्टा टिकला. तो ट्रेलर पुढं त्याच टायरांवर कितीतरी पावसाळे चालला.

दोन वर्षांनी तो सगळा रस्ता डांबरी करायचं ठरलं, तेव्हा निरापददांच्या संस्थेचा एक अर्ज आमच्या कार्यालयात आला. मच्छीमारांच्या हिताचा विचार करून रस्ता दुरुस्त करण्यात येऊ नये, अशी नम्र विनंती. सबनीस साहेबांनी तो मला दाखवला आणि पुढं धाडून दिला. उत्तर यायच्या आत रस्ता झाला, आणि पहिल्याच पावसात होता तसा झाला. संस्थेनं आभाराचं पत्रही पाठवलं. ते कुणाच्या नावानं फाइल करायचं, यावर आमच्या ऑफिसात आठवडाभर चर्चा चालली होती.

त्यानंतर माझ्याकडे ट्रेलरला टायर विचारायला पुष्कळ लोक आले. विटांचे, धानाचे, तेंदूपानांचे, एकदा तर लग्नाच्या मांडवाचे. मी टायरबद्दल काही बोलायच्या आधी एकच विचारायचो, ट्रेलरमध्ये काय नेणार? आणि विचारून झालं की पाच मिनिटं तोंड बंद ठेवायचो. यातलं दुसरं शिकायला मला जास्त वेळ लागला.